कॅरियरवरचं गाठोडं

"ताई, माझ्या मशीनमध्ये ते नको हं!"

जाऊबाईंनी नाकावरचा रुमाल न काढताच सांगितलं आणि थोरल्या सुनेच्या हातातल्या ओल्या, जड चादरी क्षणभर तशाच लोंबकळत राहिल्या. सासूबाईंनी अंथरूण धरल्याला सात महिने झाले होते, आणि हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे! वर कौतुकही असायचंच, "तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला कसली किळस म्हणून नाही!" कौतुक कसलं... काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ती गोड रीत होती.

धुलाईचं दुकान पुलापलीकडे, तिच्या शिवणकारखान्याच्या वाटेवर. दिराच्या गाडीत वास बसतो, म्हणून गाठोडं हिच्या सायकलच्या कॅरियरवर! प्लास्टिकमध्ये गुंडाळून रबरी पट्ट्यानं करकचून आवळलं, तरी मागून वारा सुटला की वास नाकाशी यायचाच. संध्याकाळी त्याच कॅरियरवर धुतलेल्या चादरी, पुढच्या टोपलीत औषधं, भाजी आणि जाऊबाईंचा शांपूसुद्धा. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं घरचं सगळं आणणं-नेणं तिच्या दोन चाकांवर चाललं होतं, पण त्याची दखल घ्यायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आणि किळस? तिला यायची... विलक्षण यायची! 'पांढऱ्या पायाची' म्हणून जिनं आपल्याला उभ्या आयुष्यात गोड शब्द दिला नाही, तिचंच अंग तिला रोज श्वास रोखून पुसावं लागायचं. कारखान्यात जेवणाचा डबा कित्येकदा न उघडताच परत यायचा. पण सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

त्या सकाळी पुलाच्या उतारावर पुढच्या बसनं एकाएकी ब्रेक दाबला. थोरलीनं हँडल वळवलं, चाक रस्त्यातल्या लोखंडी पट्टीच्या फटीत अडकलं आणि ती सायकलसकट आडवी झाली. पट्टा तुटला... आणि गाठोडं भर रस्त्यात उघडं पडलं! शी शी करत लोक मागे सरले. एकानं तर तिच्यादेखत थुंकून घेतलं. तळहातातून रक्त गळत असताना तिनं मान वर केली, तर समोर दिराची गाडी! दोघांची नजरानजर झाली. दिरानं खिडकीची काच वर घेतली, चादरींना वळसा घातला आणि गाडी निघून गेली.

सगळं तिनं एकटीनंच उघड्या हातांनी गोळा केलं. त्या क्षणी तिला चादरींची किळस आली नाही... त्या वर सरकणाऱ्या काचेची आली!

संध्याकाळी तिनं बॅग भरली. धाकटी बहीण कधीपासून बोलावत होती. आता या घराचा उंबरा पुन्हा म्हणून ओलांडायचा नाही!

"हाताला काय लागलं, वहिनी?" जेवताना दिरानं विचारलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही पाहिलंत की, भाऊजी!"

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. दिराची मान खाली गेली. "शेजारी मोठे साहेब बसले होते... आणि खरं सांगू? ते बघून मला उमासाच आला."

"आणि मला? मला काय नाक नाही?" नऊ वर्षं दाबलेला आवाज घरभर घुमला. "माणूस म्हणून एकदा तरी विचारलंत, 'वहिनी, तुम्हाला कसं होतं?' म्हणून?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा क्षीण स्वर आला. "अरे, मला माझीच किळस येते रे... पण या पोरीनं आपल्या तोंडावर ती कधी दिसू दिली नाही. आणि मी करंटी! हिलाच पांढऱ्या पायाची म्हणत आले... जा, बाळ, तू सुखानं जा. मी तुला अडवणार नाही!"

म्हातारीचे हुंदके थांबेनात. थोरलीच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या, पण भरलेली बॅग काही तिनं रिकामी केली नाही.

सकाळी निघताना पाहते, तर जिन्याखाली सायकल नाही! रात्रीच्या चादरींचं गाठोडंही नाही. दिराच्या गाडीची किल्ली मात्र खिळ्यालाच होती.

तासाभरानं दीर रिकाम्या कॅरियरची सायकल हातानं ढकलत आला. पँटचा पाय चेनच्या वंगणानं काळा झालेला, शर्टाची पुढची बाजू खराब झालेली. फाटकातच तो मटकन खाली बसला.

"वहिनी... मला पुलावर उलटी झाली. सगळ्यांदेखत! ऑफिसातले दोघं तोंड फिरवून निघून गेले." त्याला पुढं बोलवेना. "काल मीही... मीही तेच केलं ना!"

थोरलीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. राग अजून होता, तो असा एका सकाळीत थोडाच जातो?

"मला पहिल्या दिवशी झाली होती," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही. तोंड धुतलं आणि कामावर गेले."

एवढं बोलायला तिला सात महिने लागले होते! दारात उभ्या जाऊबाई मुकाट्यानं आत वळल्या. सासूबाईंच्या अंथरुणावरची ओली चादर त्यांनी काढली, ओकारी आवरत, डोळ्यांतून पाणी गाळत मशीनमध्ये टाकली आणि झाकण लावलं.

थोरलीनं बॅग उचलली. दिरानं घाबरून वर पाहिलं.

"कायमचं नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवस झोपते, पोटभर जेवते आणि येते. सायकल ठेवून जातेय, भाऊजी. सीट बोटभर वर करून घ्या, नाहीतर गुडघे धरतील. आणि मागून वारा आला की तोंडानं श्वास घ्यायचा."