हिरवट ठसा

आठवडाभर पडून पावसानं जरा उसंत घेतली होती. बागेतल्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी चिऊ प्लास्टिकचा कागद अंथरून बसली होती. बुंध्यावर तीन भूछत्रं उगवली होती आणि त्यातलं मधलं फारच देखणं होतं. शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. त्यातून वेळ मिळाला की ती अशी स्वतःसाठी काढायची. मधल्या भूछत्राच्या टोपीवरची सावली भरायला तिनं ब्रश ओला केला, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि छोट्या सुरीनं ते भूछत्र देठासकट उचलून घेऊन गेला.

"अहो, मी ते काढत होते," ती म्हणाली.

"मीसुद्धा काढतच होतो," मागून उत्तर आलं.

तिनं वळून पाहिलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, खांद्यावर कागदी पिशव्यांनी फुगलेली झोळी, चष्म्याच्या काचेवर पावसाचे दोन थेंब... आणि चेहऱ्यावर मनासारखी खरेदी झालेल्या माणसाचं समाधान. मग त्याची नजर तिच्या मांडीवरच्या अर्ध्या चित्रावर गेली आणि तो चांगलाच ओशाळला. त्यानं भूछत्र होतं तिथं परत उभं करून पाहिलं. ते पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. शेवटी तो तिथंच उकिडवा बसला आणि दोन बोटांच्या चिमटीत देठ धरून म्हणाला, "काढा तुम्ही. मी हलत नाही."

वीस मिनिटं तो खरोखर हलला नाही. तोंड मात्र थांबलं नाही. तो संग्रहालयाच्या कवक विभागात काम करायचा. त्यानं सांगितलं की ती काढतेय ते नुसतं फळ. खरा जीव लाकडाच्या आत आहे, केसाहून बारीक धाग्यांचं जाळं होऊन वर्षानुवर्षं पसरलेला. शिवाय ही वनस्पती नाहीच. हिला स्वतःचं अन्न करता येत नाही, ही लाकूड पचवून जगते. नात्यानं पाहिलं तर झाडांपेक्षा ती माणसांना जवळची.

"म्हणजे हे माझं नातेवाईक?" चिऊनं विचारलं.

"लांबचं," तो म्हणाला. "पण गाठ पडली की ओळख दाखवायला हरकत नाही."

ती हसली आणि रेघ वाकडी गेली.

संग्रहालय सामान्य लोकांसाठी भूछत्रांची ओळख करून देणारं एक छोटं पुस्तक छापणार होतं. त्याचा चित्रकार अर्ध्यावर काम सोडून गेला होता. त्या वाकड्या रेघेसकट चिऊचं चित्र त्यानं संचालिका बाईंना दाखवलं आणि पुढच्या सोमवारपासून चिऊ कवक विभागातल्या खिडकीशी बसू लागली.

खोली अरुंद होती. भिंतभर लाकडी खण, कोपऱ्यात भूछत्रं वाळवायची जाळी, आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा, जुन्या वह्यांचा वास. आठच दिवसांत तो वास तिला आवडू लागला. तिच्यासमोरच्या टेबलावर तो. घरी मावशी त्याचा उल्लेख 'तुझे ते बुरशीवाले' असाच करायची आणि चिऊ उगाचच खोडून काढायची, की बुरशी हा कवकांचा एकच प्रकार, यीस्टसुद्धा त्यांच्यातलंच, भूछत्रंही त्यांच्यातलीच. मावशी म्हणायची, बरं, बुरशीवाले नाही तर भूछत्रवाले, जेवायला कधी येणार ते विचार.

शिकण्यासारखं पुष्कळ होतं. कवकांची कुळं रंगरूपावरून ठरत नाहीत. बीजाणू कुठे धरतात यावरून ठरतात, हे त्यानं तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. काहींचे बीजाणू बारीक पिशवीत आठ-आठ बसलेले, काहींचे गदेसारख्या टोकावर चार-चार उभे. चिऊनं त्यांना लगेच पिशवीवाले आणि गदावाले अशी नावं देऊन टाकली. पुढे तोही तसंच म्हणू लागला, आणि एकदा संचालिका बाईंसमोर चुकून म्हणून बसला.

एका दुपारी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली असताना त्यानं विचारलं, "दोन धागे जुळलेले दिसतात?"

"दिसतात."

"दोघं वेगवेगळ्या बीजाणूंतून आलेले. भेटले, एक झाले. पण दोघांची केंद्रकं इतक्यात मिसळायची नाहीत. एकेका कप्प्यात शेजारी शेजारी राहतात... कधी कधी वर्षानुवर्षं. भूछत्र उगवलं की मग टोपीखालच्या झालरीत मिसळतात."

"इतका वेळ नुसते शेजारी?"

"घाई नसते त्यांना."

चिऊनं डोळा काढला नाही. कान तापलेले त्याला दिसू नयेत एवढंच तिला वाटत होतं. विषय बदलायचा म्हणून तिनं विचारलं, की कुणाचंही कुणाशी जुळतं का. तो म्हणाला, नाही, आपल्याहून वेगळ्या प्रकारचंच लागतं. पण एका कवकात असे वीस हजारांहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे वाटेत भेटेल त्याच्याशी जवळजवळ जमतंच.

"आमच्या मावशीला सांगू नका," चिऊ म्हणाली. "ती माझ्यासाठी तीन वर्षं एक स्थळ शोधतेय."

तो हसला, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा.

रोजच्या कामात एक गोष्ट ठरलेली होती. आणलेल्या प्रत्येक भूछत्राची टोपी कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. काही तासांत झालरीतले लाखो बीजाणू खाली पडून कागदावर ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा. सारख्या दिसणाऱ्या दोन भूछत्रांतला फरक बऱ्याचदा त्या ठशावरूनच कळतो. चिऊला वाटी उचलायची इतकी हौस, की तो ती येईपर्यंत थांबायचा.

सगळी चित्रं झाली. पुस्तक सोमवारी छपाईला जायचं होतं. आदल्या रविवारी सकाळी मावशी फिरून आली ती पिशवीत चार मोठी पांढरी भूछत्रं घेऊन. मावशीनं उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात घालवला होता, आणि समोर आलेली गोष्ट लगेच मार्गी लावायची हा तिचा स्वभाव होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिऊच्या चित्राची नमुन्यादाखल छापलेली एक प्रत लावलेली होती. खाली लिहिलं होतं: गवतात उगवते, खाण्याजोगे. मावशीनं भूछत्रं चित्राशेजारी धरून पाहिली, हुबेहूब तीच. कढईत लोणी टाकून ती चिरायला बसली.

चिऊनं सहज एक उलटं केलं. मोठ्या, जून भूछत्राची झालर पांढरी नव्हती. त्यात हिरव्या रंगाची अगदी पुसट झाक होती. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली नसती, पण दिवसभर रंग कालवणाऱ्या तिच्या डोळ्यांना ती खटकली. तिनं त्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गॅस बंद करा. मी येतोय."

तो अर्ध्या तासात आला. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं. टोपी कापून कागदावर ठेवली, वर मावशीचीच वाटी झाकली आणि म्हणाला, आता तीन-चार तास थांबायचं. मावशीला एवढा वेळ पुरेसा होता. वडील घड्याळं दुरुस्त करतात, आई गणित शिकवते, पाठीवर एक बहीण आहे आणि ती ह्याच्याहून हुशार आहे, हे सगळं तिनं तासाभरात काढून घेतलं. तो उत्तरं देत बटाटे सोलत होता. चिऊ तवा तापवत उभी होती, आणि मावशीनं पाठ फिरवली की दोघांची नजर एकमेकांना भेटून पटकन बटाट्यांवर परत येत होती. तिला वाटलं, हे तीन तास संपूच नयेत.

जेवणं झाली. त्यानं चिऊकडे पाहिलं. तिनं वाटी उचलली. कागदावर ठसा होता हिरवट, शेवाळी.

त्याचा चेहरा उतरला. खाण्याजोग्या भूछत्राचा ठसा पांढरा येतो. हे त्याचं विषारी जुळं भावंड. यानं जीव सहसा जात नाही, पण उलट्यांनी माणूस आडवा होतो, आणि मावशीच्या वयात त्याचीही हमी देता येत नाही.

"चित्र अगदी बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही समोर होतं तेच काढलंत. नाव मी चुकीचं दिलं. त्या दिवशी ठसा घ्यायचा राहिला."

चिऊला तो दिवस आठवला. पाऊस थांबला म्हणून दोघं टेबलावर सगळं तसंच टाकून चहाला गेली होती, आणि दोन तास परतलीच नव्हती.

छापखान्यात फोन करून तेवढा एक शब्द बदलता येईल, कुणाला कळायचंही नाही, असं तिनं सुचवून पाहिलं. त्याची नेमणूक अजून कच्ची होती. पक्की करण्याचं पत्र त्याच आठवड्यात निघणार होतं, हे तिला माहीत होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली. एक ठसा राहिला तसा आणखी एखादा राहिला असेल, तर ते पुस्तक उघडून कुणीतरी कढई तापवेल. सगळी पानं तपासायला हवीत. त्यासाठी बाईंना सांगायलाच हवं.

मावशीनं चिरलेली भूछत्रं कचऱ्यात टाकली, कढई घासायला घेतली आणि चिऊला म्हणाली, "उद्या तूही जा त्याच्याबरोबर."

सोमवारी संचालिका बाईंच्या खोलीत त्यानं काहीही न लपवता सांगितलं. बाईंनी कागदावरचा ठसा उजेडात धरून पाहिला.

"सहा वर्षांत तुमचा एकही ठसा घ्यायचा राहिलेला नाही. हाच कसा राहिला?"

"लक्ष नव्हतं, बाई."

"कुठे होतं?"

तो म्हणाला, "या समोर बसल्या होत्या. चित्र काढत."

चिऊनं जमिनीकडे पाहिलं. बाईंनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. छपाई पंधरा दिवस थांबेल, त्या म्हणाल्या. एकूण एक पान तपासायचं, दोन्ही भूछत्रं शेजारी शेजारी ठशांसकट छापायची, आणि नेमणुकीचं पत्र तोवर खणात राहील. हे सगळं त्या रागानंच बोलल्या, पण दार लावून घेताना त्यांना हसू आवरत नव्हतं असं चिऊला वाटलं.

जिन्यावर दोघंही एकमेकांकडे न बघता उतरत होती.

"दुसरं काहीतरी कारण सांगायचं," चिऊ म्हणाली.

"सुचलं नाही."

"आता पंधरा दिवस पानं तपासायची. मी समोर बसले तर परत चुका होतील."

"तू नाही बसलीस तर जास्त होतील."

ती थांबली. एका पायरीनंतर आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे... तुम्ही..."

"राहू दे," ती म्हणाली. "तेच बरोबर आहे. तू आधी कुठलं पान घेतोस?"

संध्याकाळी मावशीचा फोन आला तेव्हा दोघं सातव्या पानावर होती. नोकरीचं काय झालं, तिनं विचारलं. चिऊ म्हणाली, अजून लटकलेलीच आहे, पत्र खणात आहे.

"आणि तुझं?"

चिऊनं समोर पाहिलं. तो पानावर वाकला होता, पण पेन्सिल मुळीच हलत नव्हती, म्हणजे कान इकडेच होते.

"माझं पक्कं झालं," ती म्हणाली.