वाऱ्याकडची कड

वाऱ्याने तो झेंडा थेट तिच्या तोंडावरच आणून टाकला.

बंदराच्या रस्त्यावर तिचं आणि मावशीचं शिवणाचं दुकान. ती दारातल्या उजेडात सुईत दोरा ओवत होती, आणि एकाएकी सगळं जग रंगीत झालं... मऊ, खाऱ्या वासाचं. कापड बाजूला झालं तेव्हा समोर दोन घाबरलेले डोळे.

"माफ करा — हातातून सुटला."

"झेंडा सांभाळायचं काम तुमचंच ना?"

"हो."

"दिसतंच आहे!"

आत मावशी फिस्सकन हसली.

तो बंदरातल्या मनोऱ्यावरचा बावटेवाला. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. काठीकडची बाजू बांधलेली असते, तिला काही होत नाही. वारा फाडतो ती मोकळी कड. त्या फाटलेल्या कडेला तिने दुहेरी शिवण घातली. वाकली तेव्हा गळ्यातला चांदीचा क्रॉस झेंड्यावर टेकला. तो बघतच राहिला... क्रॉसकडे की मानेकडे, देव जाणे.

मग ती कड वरचेवर फाटायला लागली. समुद्र तेलासारखा संथ असतानाही!

"काय हो, मनोऱ्यावर वादळ मुक्कामाला आलंय का?"

"वादळ इथे आहे, शिंपीणबाई. तिथे नुसता वारा."

तिने कड उजेडात धरली. वारा दोरा पिंजतो. हा दोरा तर ब्लेडने कापलेला! तिने कड शिवून परत दिली. त्या दिवशी मात्र मशीन चालवता चालवता गुणगुणत राहिली.

"पोरी," मावशी म्हणाली, "पाय मशीनवर आहेत की ढगात?"

एका दुपारी तो टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"आईला भेटायला येशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"येईन की."

"फक्त... तो क्रॉस कॉलरच्या आत ठेवशील? पहिल्याच दिवशी तेवढा..."

मशीन थांबलं.

"का?"

"बाबा सीमेवर लढताना गेले. तेव्हापासून आई... तिला वाटतं, ज्यांचा देव बाहेरचा, ती माणसंही अर्धी बाहेरची."

"आणि तुला काय वाटतं?"

तो हातातली टोपी फिरवत राहिला. त्यापेक्षा शिवी परवडली.

"माझी आजी याच मातीत पुरली आहे. रविवारी गुडघे टेकते तेव्हा याच देशासाठी मागते, याच भाषेत. आणि तुझा वारा कुठला रे? समुद्रापलीकडचाच ना? तो नसला तर तुझा झेंडा काठीला चिंधीसारखा लोंबेल. त्याला विचारलंस कधी, तू कुणाचा?"

"मी तसं नव्हतो म्हणत..."

"तसंच म्हणालास. मी आले तर सगळी येईन. अर्धी येणार नाही."

तो झेंडा घेऊन गेला, आणि आलाच नाही. वारा सुटला तरी दारात कुणी नाही. रविवारी चर्चमध्ये ती देशासाठी मागायला बसली आणि मध्येच एका मूर्खाचं नाव घुसलं. तिने ते बाहेर काढलं नाही.

आणि मग एका सकाळी दारात तो उभा, मान खाली. शेजारी पांढऱ्या केसांची, ताठ कण्याची बाई, हातात झेंडा.

"मी आईला सांगितलं," तो म्हणाला. "तू चर्चला जातेस, क्रॉस घालतेस, आणि तो आत ठेव म्हणणारा मी भेकड होतो. आणि... कडेचंही."

"कडेचं!" आईने त्याचा कान पकडला. "ह्याच्या बापाने ज्याच्यासाठी जीव दिला, तो झेंडा हा ब्लेडने उसवत होता. प्रेमात! आणि शिवत कोण होतं? जिला मी न बघताच बाहेरची ठरवली, ती." बाईचा आवाज जरा हलला. "बघू तरी दे मला तुला, पोरी."

ती उठली. क्रॉस कॉलरच्या बाहेर होता, उन्हात लकाकत. बाईंनी तो बघितला, मग तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि झेंडा तिच्या हातात दिला.

"बसा ना, आई." तिने सुई उचलली. "पण ह्याला सांगून ठेवा — पुन्हा उसवलं, तर ह्याची बोटं शिवून टाकीन."

"म्हणजे मी... रोज आलो तर चालेल?"

"रिकाम्या हाताने ये," ती म्हणाली.

बाहेर समुद्राकडून वारा आला, आणि तिच्या मांडीवरचा झेंडा हलकेच फुगला.