मावशीचा माइक

दार लोटून घ्या रे कुणीतरी, वारा येतोय. आणि गायिकाबाई, तुम्ही ते हेडफोन काढा कानातून. दिवसभर त्या एकाच बाईच्या रेकॉर्ड ऐकायच्या आणि रात्री हुबेहूब तिच्यासारखं गायचं! छान गातेस, नाही कशाला म्हणू? पण एक गोष्ट ऐकून ठेव.

माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. साऊंडचं काम करायचा. आम्ही त्याला वायऱ्या म्हणायचो, कारण अंगानेही वायरच होता. थापा मारणाऱ्यांतला नव्हे हं. थापेला कल्पनाशक्ती लागते, ती देवाने त्याला दिलीच नव्हती.

तर वायऱ्या त्या दुपारी एक नवा माइक आणायला निघाला होता. जानेवारीतला शेवटचा शनिवार. जुना माइक धडधाकट होता, पण भाचीचा हट्ट होता की आज नवाच हवा.

भाची म्हणजे मावशीची भाची. एका हॉटेलच्या तळघरात दर शनिवारी जॅझ चालायचं. छत इतकं बुटकं, की माणसाएवढं तंतुवाद्य घेऊन उभा असलेला डबल बेसवाला मान तिरकी करून वाजवायचा. मी तिथे ड्रमवर होतो आणि गायला मावशी. म्हणायचो सगळेच मावशी, पण सख्खी ती एकीचीच. मावशी कुणा गायिकेकडे शिकलीच नव्हती. लहानपणी तिच्या खोलीखाली एक ट्रम्पेटवाला राहायचा, त्याचा रियाज ऐकत ती वाढली. म्हणून श्वासही ट्रम्पेटवाल्यासारखा घ्यायची, आणि शब्द संपले की नुसत्या बा-दा-दूवर अर्धं गाणं ओढायची. तालाच्या जराशी मागे. मी आपला पुढे निघून जायचो, ती मागून रमतगमत यायची आणि नेमक्या ठिकाणी मला गाठायची. तसं पुन्हा कुणी गाठलं नाही मला.

भाचीला तिने लहानपणापासून घडवलं. शाबासकी नाही, लाड नाहीत. फारच मनासारखं झालं तर मावशी हनुवटी वर करून नुसतं "हं" म्हणायची. मला तो एकदा मिळाला, अजून जपून ठेवलाय. भाचीला मात्र कधीच नाही. त्या एका "हं"साठी पोरीने जिवाचं रान केलं.

शेवटचं गाणं दोघींचं असायचं. मावशी दोन नंबरच्या माइकवर ओळ टाकायची, भाची एक नंबरवर उत्तर द्यायची. शेवटची ओळ नेहमी भाचीची. मावशी मग गप्प राहून वाट बघायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायऱ्याकडे बसून दोघी रेकॉर्डिंग ऐकायच्या, प्रत्येक माइकचं वेगवेगळं. मावशी म्हणायची, "सगळ्यांच्या आवाजात आपली चूक लपते. एकटीला ऐक."

ऑक्टोबरात मावशी गेली. भाची एकटी गायला लागली. लोक येऊन सांगायचे, "डोळे मिटले की मावशीच हो!" त्यांना वाटायचं कौतुक करतोय. ती जिन्याखाली जाऊन रडायची. एकदा वायऱ्याला म्हणाली, "वायरकाका, मेले मी आणि जिवंत ती, असं झालंय."

मग त्या शनिवारी तिने सांगून टाकलं. "नवं गाणं केलंय. चाल माझी, शब्द माझे. आज शेवटी तेच गाणार. आजही कुणाला मावशी आठवली, तर उद्यापासून गाणं बंद. आणि तिचा माइक मला डोळ्यांसमोर नको."

वायऱ्याने नवा माइक आणला, एक नंबरला जोडला. मावशीच्या माइकची वायर गुंडाळून तो कपाटात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. माझा गुडघा सुजला होता, म्हणून मी घरी. ड्रमवर दुसराच कुणी होता. पुढचं सगळं वायऱ्याच्या तोंडचं.

अकराच्या सुमाराला शेवटचं गाणं सुरू झालं. पियानोने दोन फेऱ्या वाजवल्या. आणि वायऱ्याच्या हाताने घोटाळा केला. इतकी वर्षं शेवटच्या गाण्याला मिक्सरवरची दोन नंबरची कळ वर सरकवायची सवय. डोकं विसरलं, हात नाही विसरला. कळ वर गेली.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो स्वतःशीच हसला. दोन नंबरला काही जोडलेलंच नव्हतं. राहू दे म्हणाला.

भाची गायला लागली. काय गायली! मावशीसारखं मागे रेंगाळणं नाही, तो ट्रम्पेटचा श्वास नाही. सरळ, मोकळा आवाज. समोरच्या टेबलावरची माणसं बोलायची थांबली. वायऱ्यालाही भरून आलं. त्याने सहज मिक्सरकडे पाहिलं.

एक नंबरचा दिवा विझलेला होता.

दोन नंबरचा... लुकलुकत होता. तिच्या शब्दाशब्दाला.

तो मागे वाकला. वायर तपासली. नवा माइक एक नंबरलाच होता. दोन नंबरचं भोक रिकामं.

त्याने दोन नंबरची कळ खाली ओढली.

गाणं थांबलं.

पियानो चालू. ड्रम चालू. भाची समोर उभी. तोंड उघडं, ओठ हलतायत, गळ्याची शीर ताठ... आणि आवाज नाही. अजिबात नाही. तिला मात्र पत्ताच नाही. डोळे मिटून गातेय.

करणार काय? पोरीची आजची रात्र... त्याने कळ पुन्हा वर ढकलली.

आवाज आला. गाण्यात जिथे पोचायला हवा होता, तिथूनच.

लोकांना वाटलं, मुद्दाम घेतलेला विराम. टाळ्या पडल्या. जॅझमध्ये हे एक बरं असतं. शेवटची ओळ मात्र आलीच नाही. नुसती वाद्यं वाजली आणि गाणं संपलं. लोक उठून उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ तिचा हात धरून म्हणाले, "आज तू तुझी गायलीस, बाळ."

सकाळी ती हसतच वायऱ्याकडे आली. किती महिन्यांनी हसत होती. "लावा काका. एकटीला ऐकते."

त्याने खूप टाळलं. मशीन बिघडलंय म्हणाला. ती ऐकेना. शेवटी लावलं.

एक नंबर. काही नाही. लांबून पियानो... आणि श्वास. नुसता श्वास.

"काका?"

दोन नंबर. तिचं गाणं. तिचाच आवाज, पहिल्या शब्दापासून.

ती म्हणाली, "मावशीने कधी कुणाची नक्कल केली नव्हती. काल पहिल्यांदा केली, माझी." आणि मग, "म्हणजे कालचंही माझं नव्हतंच."

गाणं शेवटाला आलं. शेवटच्या ओळीची जागा रिकामी. दोन्हीकडे शांतता. कुणीतरी थांबून राहिल्यासारखी.

"ही ओळ मी गायले होते," ती म्हणाली. "काका, खरंच गायले होते. अशी..."

आणि तिने खुर्चीत बसल्या बसल्या, हळूच, त्या रिकाम्या जागेत ती ओळ म्हटली.

तेवढीच.

ती आजही बोलते, हसते, बाजारात भेटली तर गुडघ्याची चौकशी करते. पण गायला तोंड उघडलं की सूर येत नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. घसा ठणठणीत आहे म्हणतात.

वायऱ्याने त्याच संध्याकाळी रेकॉर्डिंग पुसायला घेतलं. पुसण्याआधी शेवट एकदा लावला. का लावला, त्यालाच ठाऊक नाही. सकाळी जिथे काही नव्हतं, तिथे एक नंबरवर तिची ओळ होती. स्वच्छ. तळघरातल्या पियानोसकट, टाळ्यांच्या अगदी आधी. त्याला पुसवलं नाही. ते माझ्याकडे आणून दिलं. मीही ऐकलंय.

ओळ संपते. मग दोन नंबरवर, माइकच्या अगदी जवळून... कुणीतरी म्हणतं,

"हं."