बशीला चिकटलेला कप

हसा, पोरांनो, हसा. कॉफी पिऊन कप बशीवर पालथा घालायचा, मग तळाच्या गाळात मासा दिसला की पैसा, वाट दिसली की प्रवास... मलाही त्या गाळात गाळाशिवाय काही दिसत नाही. पण कप बशीला चिकटला, तर आधी विचारा की मागितलंय काय. मगच मुबारक म्हणा. ही अक्कल फेरिदूनला फार महागात मिळाली. उस्कुदारच्या धक्क्यावर मी बोटींचे दोर ओढायचो आणि शेजारी त्याची कॉफीची गाडी. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

गेल्या वर्षीची शब-ए-बरात. मिनारांवर दिवे लागले होते. वर्षभरात कोण येणार, कोण जाणार, ते त्या रात्री वर लिहिलं जातं म्हणतात. फेरिदूनची बायको साबाहत वरच्या टेकडीवरच्या इस्पितळात होती. सकाळी तिचं ऑपरेशन. तिनेच नवऱ्याला पिटाळलं.

"इथे बसून माझं तोंड काय बघताय? गाडीवर जा आणि माझ्यासाठी एक कॉफी करून आणा."

"अगं, तुला बंदी आहे."

"पिणार कोण? वास घेईन नुसता."

लेक निल्गुनला उशाशी बसवून तो खाली आला. दक्षिणेचा वारा सुटला होता, बोटी बंद होत्या, धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने परातीतली वाळू तापवली आणि दांडीचं तांब्याचं भांडं तीत फिरवायला घेतलं. फेस वर येतो न येतो तोच समोर एक म्हातारी उभी. डोक्याला पांढरा रुमाल. बोट नाही, तर ही आली कुठून, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"मला दे एक. बिनसाखरेची."

आमच्याकडे बिनसाखरेची कॉफी मयताच्या घरी देतात. फेरिदूनने सहज विचारलं, "मावशी, कोणाचं काही झालंय का?"

"अजून नाही."

मनात बायकोचा घोर होता. त्याने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. तिने घोट घोट करून कॉफी संपवली, डोळे मिटून मनात काही मागितलं आणि कप बशीवर पालथा घातला. तो निवल्यावर फेरिदूनने उचलला, तर बशीही सोबत वर आली.

त्याला बरं वाटलं. असा कप वाचायचा नसतो. तो पैगंबरांचा. मागणं पोचलं, एवढं तोंडाने म्हणायचं.

"मावशी, मागितलंत ते मिळालं बघा. मुबारक असो."

"तुझ्याच तोंडून हवं होतं."

"एवढं मागितलंत तरी काय?"

"लेकीला घरी न्यायचं. वर टेकडीवर आहे. फार सोसलं रे तिने."

"न्याल हो. अहो, कप चिकटलाय, आता शंका कसली?"

म्हातारी हसली. "मिठाची कॉफी तोंड वाकडं न करता प्यायलास, तेव्हाच मला पसंत पडलास, जावईबापू."

फेरिदून मागणी घालायला गेला होता, तेव्हा साबाहतने त्याच्या कॉफीत मीठ घातलं होतं. नवरा पारखायला आपल्या मुली घालतात तसं. हे त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक. आणि तिची आई त्या खोलीत नव्हती. ती त्या मागणीच्या आदल्या हिवाळ्यातच वारली होती...

त्याने मान वर केली. समोर कोणी नव्हतं.

त्याने कप ओढला. निघेना. फटीत सुरी घातली. सुरी वाकली. गाडीच्या कडेवर आपटला. ना कप फुटला, ना बशी. तो पळत सुटला... तसाच टेकडी चढला. दोन्ही हातांनी ओढत. "मी नाही म्हटलं... माझा शब्द परत घेतो..." ऐकायला कोण होतं?

निल्गुन दारातच भेटली. "बाबा, आई एकदम छान आहे. हसतेय. कॉफीचा वास आला म्हणतेय."

तो आत गेला. साबाहत उठून बसली होती.

"आणलीत?"

त्याने कप पुढे केला. "हे उघड. तू ओढ. तुझ्या हाताने निघेल."

तिने कप घेतला. नाकाशी नेला.

"बिनसाखरेची ना? आईला अशीच लागायची."

"साबाहत, ओढ ना..."

"अहो... असं मागू नये. दिलेला शब्द मोडतात का?"

तिने कप छातीशी धरला. तो तिची बोटं सोडवत राहिला. बायकोच्या बोटांशी झटापट, पोरांनो... ती सुटली पहाटेच्या बांगेला. आपोआप.

फेरिदूनने गाडी विकली आणि गावी गेला. जाताना हा कप माझ्याकडे देऊन गेला. फोडवत नाही म्हणाला, घरात ठेववतही नाही. वर्ष झालं, फडताळात पडून आहे. हा बघा.

ओढू नकोस रे. नुसता हात लाव.

...

गरम आहे ना?