पलीकडे हाक मारू नये

पास्विक नदीच्या काठावर सरकारी पाट्या आहेत. पलीकडे दगड मारू नये. पलीकडच्या माणसाशी बोलू नये. पलीकडे हाक मारू नये. नदीच्या मधोमध नॉर्वे संपतो आणि रशिया सुरू होतो. जरा वर गेलं की फिनलंडही येऊन चिकटतो. तिथे तिघांनी मिळून दगडांचा एक ढीग रचलाय, पण त्याला प्रदक्षिणा घातली तर दंड. अर्ध्यातून गुपचूप मागे फिरायचं.

गुडलाउगला हे सगळे नियम तोंडपाठ होते. तिचा नवरा इंगवाल्ड एका मार्चमध्ये बर्फाखालचं जाळं काढायला नदीवर गेला, धुकं उतरलं, आणि तो परत आला नाही. पावलं नदीच्या मध्यापर्यंत गेली होती. तिथून पुढेही गेली होती. आपलं, नॉर्वेचं शोधपथक मध्यावर थांबलं. पलीकडचं पथक आलं, तेही त्यांच्या बाजूने मध्यावर थांबलं. दोन्ही पथकं एकमेकांसमोर तोंडं पाडून उभी. परवानगीशिवाय बोलायचं कसं? परवानगी आली तेव्हा नदीवरच्या बर्फाचं पाणी झालं होतं.

त्या दिवशी गुडलाउगने काठावरून एकदा हाक मारली होती. नाव पुरतं तोंडातून निघायच्या आत एका शिपायाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, आवाज पलीकडे जातोय."

हाक अर्धीच राहिली.

मग जग बदललं. जे एकमेकांकडे बघत नव्हते ते मिठ्या मारायला लागले. उत्तरेतल्या शेजाऱ्यांचं सहकार्य सुरू झालं, म्हणजे झेंडे, कॉफी आणि भाषणं. दर मार्चला तिन्ही देशांची बचावकार्याची तालीम व्हायला लागली. एक बाहुला बर्फात नेऊन टाकायचा आणि तिघांनी मिळून शोधायचा. बाहुल्याचं नाव काय ठेवावं यावर तीन बैठका झाल्या. नॉर्वेजियन नाव रशियाला चालेना, रशियन नाव फिनलंडला उच्चारता येईना. शेवटी त्याला नुसतं 'नागरिक' म्हणायचं ठरलं. कुठला नागरिक, ते पुढच्या बैठकीवर ढकललं.

गुडलाउग तालमीच्या स्वयंपाकघरात भरती झाली. रेनडिअरच्या मटणाचा रस्सा ढवळायची. लोकांना वाटायचं, बाईला तेवढाच विरंगुळा. तिला एकच गोष्ट हवी होती. तालमीच्या दिवशी नदी ओलांडायची परवानगी सगळ्यांना असायची, अगदी स्वयंपाकिणीलाही. एकदा त्या काठावर उभं राहायचं आणि राहिलेली हाक पुरी करायची. पण तालीम कधी नदीपर्यंत पोचायचीच नाही. पथकप्रमुख ऑडमुंड बाहुल्याला झेंडा लावलेल्या, बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवरून अख्ख्या गावासमोरून घेऊन जायचा. त्यामुळे नागरिक रस्सा उकळायच्या आत सापडायचा.

त्या वर्षी नवा बाहुला आला. वाळू भरलेला, माणसाइतका जड. तोंडाच्या जागी सपाट कापड. पायांना पावलं नव्हती, घोट्यापाशीच शिवून टाकलेले. कपडे खरे हवेत असा नियम होता, म्हणून गुडलाउगने कपाटातून इंगवाल्डचं निळं जॅकेट काढून आणलं. गुंड्या लावताना तिला ऑडमुंड म्हणाला, "शोभतंय की. आमचा इंगवाल्ड याच्यापेक्षा बडबड जास्त करायचा, एवढाच फरक." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो स्कूटरचं तेल तपासायला गेला.

सकाळी पथकं निघाली. थोड्याच वेळात वायरलेसवर ऑडमुंडचा चिडका आवाज आला. ठेवल्या जागी नागरिक नाही.

बर्फात त्याचा खड्डा होता. खड्ड्यातून पावलं निघाली होती. खड्ड्याकडे येणारी पावलं मात्र नव्हती.

ऑडमुंडला वाटलं, रशियन लोकांनी मस्करी केली. रशियन कप्तान ग्लेब आर्काद्येविच यांना वाटलं, फिनिश पाहुण्यांनी तालीम अवघड केली, आणि त्यांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. फिनिश प्रमुख तौनो वर्षभरात चारच वाक्यं बोलणारा माणूस, त्याने कौतुक ठेवून घेतलं. सगळे खूश. फक्त तौनोचा कुत्रा पावलांपाशी आला, ती हुंगून बर्फावर पोट टेकून बसला. ओढूनही उठेना.

गुडलाउग पळी हातात घेऊन आली होती. तिने पावलं पाहिली. डावं पाऊल आत वळलेलं, जरा फरफटलेलं. इंगवाल्डच्या डाव्या पायाची बोटं तरुणपणीच थंडीने गेली होती.

पावलं नदीकडे जात होती.

आणि मग, इंगवाल्डच्या वेळी जे जे झालं नव्हतं ते सगळं झालं. हेलिकॉप्टर आलं. तिन्ही देशांच्या स्कूटर एकमेकींना वाट देत धावल्या. मध्यावर कोणी थांबलं नाही. मध्य कुठला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. वाळूच्या बाहुल्यासाठी दीडशे माणसं नदी ओलांडून गेली. गुडलाउग त्यांच्यामागून चालत होती आणि रडत होती. लोकांना वाटलं, वारा झोंबतोय.

नागरिक पलीकडच्या काठावर सापडला. एका बर्चच्या बुंध्याला टेकून बसलेला. तोंड नॉर्वेकडे.

टाळ्या झाल्या. फोटो निघाले. ग्लेब आर्काद्येविच म्हणाले, सहकार्याच्या इतिहासात असा दिवस झाला नाही. तौनोने मान हलवली.

गुडलाउग बाहुल्यासमोर गुडघ्यांवर बसली. जॅकेटच्या कॉलरवर पांढरं हिम धरलं होतं. बाहेर फार वेळ राहिलेल्या माणसाच्या कॉलरवर त्याच्या श्वासाने धरतं, तसं.

आता हाक मारायची परवानगी होती. पण ज्याला मारायची तो हातभर अंतरावर होता. ती हळूच म्हणाली, "चल घरी. रस्सा गरम आहे."

ते झालं नाही. परत निघताना पलीकडच्या जकात अधिकाऱ्याने बाहुला अडवला. माणसांच्या परवानग्या होत्या, बाहुल्याची नव्हती. माणूस म्हणावं तर पासपोर्ट नाही, माल म्हणावा तर आणल्याची नोंद नाही, कारण तो आपल्या पायाने आला होता. कुठला नागरिक, हा प्रश्न अजून बैठकीतच अडकलेला. ग्लेब आर्काद्येविच खजील झाले. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या वर्षी नक्की परत पाठवतो. तोवर त्याला ऊबेत ठेवतो."

बाहुला गोदामात गेला. पुढच्या वर्षी एक कागद कमी पडला. त्याच्या पुढच्या वर्षी दुसराच. गुडलाउग दर मार्चला रस्सा ढवळताना विचारायची आणि ऑडमुंड दर मार्चला स्कूटरचं तेल तपासायला जायचा. मग तिकडे युद्ध पेटलं. सहकार्य मिटलं. झेंडे काढून घेतले, पाट्या नव्याने रंगवल्या.

गुडलाउग आता म्हातारी झाली आहे. दुपारी उजेड असेपर्यंत ती काठावरच्या बाकावर बसते. पलीकडचा बर्च तिथून दिसतो.

परवा एक तरुण शिपाई तिच्याजवळ आला. नवाच होता, बोलताना लाजत होता. म्हणाला, पलीकडे हाका मारायची परवानगी नाही, माहीत असेल ना तुम्हाला.

"मी तोंड उघडलं नाही."

शिपायाने नदीकडे पाहिलं. "कोणीतरी हाक मारत होतं. गुल्ला, गुल्ला, असं काहीतरी."

तिला गुल्ला म्हणणारा जगात एकच माणूस होता.

तिने पाण्यावर धरलेल्या बर्फाकडे पाहिलं. मग विचारलं, "तिकडून हाक आली तर?"

शिपाई विचारात पडला. नियम आठवून, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ओ द्यायलाही परवानगी नाही."

तिने मान हलवली. ओठ घट्ट मिटून, नदीकडे पाठ करून ती घरी चालत गेली. एकदाही मागे वळली नाही.

दारात तिने मफलर काढला. पुढे, तोंडापाशी, त्यावर श्वासाचं हिम धरलं होतं. ते सगळ्यांच्याच मफलरवर धरतं.

मानेमागेही धरलं होतं.