मच्छिंद्र, रेस दे!

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ही घडलेली गोष्ट आहे. माणसं अजून जिवंत आहेत, जाऊन विचारा.

साल शहाण्णव. भाद्रपदातली अमावस्या, दिवेलागणीची वेळ. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात धर्मराजची एकटी वस्ती.

त्याच्या तुळजाला गोठ्यात साप चावला. पोर जेमतेम नऊ वर्षांची.

दारात जीप होती, पण जुनी, पेट्रोलवरची. चालू झाली अन् लागली मिसिंग मारायला... फट्... फट्... गिअर टाकला की बंद. दुसरी गाडी आणायची तर चिखल तुडवत गावात जावं लागणार.

मागच्या सीटवर त्याची बायको नंदाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

"तुळजे, झोपू नको गं! अवं, पापण्या मिटून राह्यली ही! जल्दी करा ना!"

"करून राह्यलो ना!" धर्मराज ओरडला.

मिसिंग म्हंजे एखादा सिलिंडर पेटत न्हाई. कोणता मेलाय, हे बघायची रीत सोपी. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढायची. आवाज पडला, तर तो सिलिंडर धडधाकट. आवाज तसाच राहिला, तर रोग तिथंच. पण त्याला दोन माणसं लागतात. एक बॉनेटखाली, दुसरा रेस द्यायला.

एकटा धर्मराज काय करणार? चालू करून पळत पुढं यावं, तोवर इंजिन बंद. परत चालू करायचं, परत बंद.

रेस द्यायला कायम त्याचा धाकटा भाऊ असायचा. मच्छिंद्र. त्याच वर्षी आषाढात विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेला.

आमच्याकडं दिवेलागणीला गेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारत न्हाईत. धर्मराजला काय ठाऊक नव्हतं? पण डोकं कुठं ठिकाणावर होतं बिचाऱ्याचं! बॉनेटखाली वाकला, अन् जन्माची सवय तोंडातून निसटली...

"मच्छिंद्र, रेस दे!"

...आणि रेस मिळाली.

सावकाश. बराबर हवी तेवढीच.

त्यानं बाजूनं वाकून बघितलं. पुढची सीट रिकामी. रेसचं पेडल मात्र... खाली दाबलेलं.

पण भ्यायला सवड कुणाला होती? पहिली वायर काढली, आवाज पडला. परत लावली. दुसरीचं तसंच. तिसरी काढली...

आवाज तसाच.

सापडला! प्लग खोलायला तो पाना शोधतोय, तेवढ्यात नंदाबाईनं हंबरडा फोडला, "अवं, ही बोलंना!"

त्याच क्षणी फट्फट् थांबलं. चारही सिलिंडर एका लयीत वाजायला लागले.

धर्मराजनं बॉनेट आपटलं अन् सीटवर उडी मारली. पाय टेकवायच्या आधी पेडल हळूच वर आलं... कुणीतरी जागा करून दिल्यासारखं.

भोकरदनच्या दवाखान्यापर्यंत इंजिन एकदाही अडखळलं न्हाई.

बंद पडली तर परत चालू होईल का, या भीतीनं त्यानं जीप फाटकात तशीच चालू ठेवली. आत इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. बऱ्याच वेळानं तुळजानं डोळे उघडले अन् विचारलं, "माझी चप्पल कुठंय?" धर्मराज हसता हसता रडला.

मंग जीप बंद करायला बाहेर आला. का कोण जाणे, आधी बॉनेट उघडलं.

तिसरी वायर... लोंबकळत होती.

घाईत लावलीच नव्हती. तरी इंजिन चारही सिलिंडरवर चाललेलं.

त्यानं चावी फिरवली. इंजिन चालूच.

चावी काढून मुठीत धरली.

...चालूच.

दारातून नंदाबाई म्हणाली, "बंद करा की गाडी. लेकरू झोपलंय."

"केलीय," धर्मराज म्हणाला.

रेस थांबवायची असली, की तो भावाला एकच शब्द म्हणायचा. सोड. आता तो शब्द तोंडातून फुटंना. म्हणलं तर मच्छिंद्र दुसऱ्यांदा जाणार. न म्हणावं, तर हा असाच अडकून राहायचा का?

शेवटी बॉनेटवर कपाळ टेकवून तो रडत म्हणाला, "पोरगी वाचली रे... सोड आता."

इंजिन लगेच बंद झालं न्हाई.

एकदा जोरात रेस वाढली... अन् मंग गप्प.

तो भावाचा निरोप होता, का जायचं न्हाई म्हणून केलेला हट्ट? धर्मराजला अजून कळलेलं न्हाई.

जीप त्याच्या दारातच आहे. तो ती विकत न्हाई, अन् चालूही करत न्हाई.