स्वगतात सोडलेली जागा

या, जरा जवळ सरका. देवाला स्मरून सांगतो, यात माझं तिखटमीठ काही नाही. एका नाटक मंडळीत, भर दुपारच्या प्रयोगांत घडलेली ही गोष्ट आहे.

मंडळीत दोघी बहिणी होत्या; थोरली मुख्य नटी. आजारात तिचा आवाज गेला, मग तीही गेली. तिची भूमिका धाकटीकडे आली.

तालमीत संवाद झकास झाले. भांडणाचा प्रवेशही रंगला.

मग स्वगत आलं. रंगमंचावर ती एकटीच.

ती बोलली... आणि थांबली.

पुन्हा बोलली... पुन्हा थांबली.

"अगं बाई, संवादात थांबतो ते समोरच्याला बोलू द्यायला," दिग्दर्शक मास्तर म्हणाले. "इथं समोर कोण आहे? स्वगतातली शांतता आपली आपल्यापाशी असते. तू तर कुणाचं तरी ऐकून घेतेस. वर मानही हलवतेस."

"मी थांबतच नाही, मास्तर."

"म्हणजे मी झोपलो होतो?"

"आज नाही," प्रॉम्प्टर पुटपुटला.

सगळे हसले. धाकटी तेवढी हसली नाही. आपण सलग बोललो, असंच तिला वाटत होतं.

"प्रयोगात थांबलीस, तर भूमिका दुसरीला देईन," मास्तरांनी बजावलं.

प्रयोगात तिने स्वगत एका दमात म्हटलं. तसूभरही जागा सोडली नाही. टाळ्या पडल्या. मास्तरांनी पाठ थोपटली.

मग साउंडवाला आत आला. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला.

"मॅडम, स्वगताला तुमच्या माइकवर दुसरी बाई कोण होती?"

"मी एकटीच असते तिथं."

"नाही हो. ती मध्ये बोलू बघत होती. तुम्ही बोलूच देईनात. शेवटी रडायला आली बिचारी."

"काय... काय म्हणत होती?"

"'छकुले, एवढं ऐक...' पुढचं तुमच्या आवाजात बुडालं."

 धाकटीला छकुली म्हणणारी जगात एकच होती.

पुढच्या प्रयोगात ती वाक्यावाक्याला थांबली. भूमिका गेली तर जाऊ दे, म्हणाली. प्रेक्षक चुळबुळले. विंगेतून मास्तर हातवारे करत राहिले. ती थांबतच राहिली.

साउंडवाल्याच्या हेडफोनवर फक्त धाकटीचा श्वास...

भूमिका गेली. थोरलीला काय सांगायचं होतं, ते आजही कुणाला ठाऊक नाही. हे सांगताना माझाही जीव थाऱ्यावर नसतो बघा. देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या थोरलीची आठवण काढा. आणि घटकाभर गप्प बसा.